मुळांतील पहिले काही तास : हरभऱ्यावरील मर रोग आणि जनुकांची जागृती

रब्बीची पेरणी होऊन तीन-चार आठवडे लोटलेले असतात. हरभऱ्याचे पीक जोमाने वर येत असते. अशा वेळी एखाद्या सकाळी शेतात फेरी मारताना शेतकऱ्याच्या नजरेस काही रोपे वेगळी दिसतात. त्यांची पाने मलूल होऊन देठ खाली झुकलेले असतात. दोन-चार दिवसांत ती रोपे वाळून जातात व रोगाचे ठिपके शेतभर पसरू लागतात. शेतात मर लागली, असे आपण म्हणतो. शेतकरी धावपळ करून औषधांच्या दुकानी जातो, फवारणी करतो. परंतु वाळलेले रोप पुन्हा हिरवे होत नाही.

फवारणी निष्फळ का ठरते, या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या वर शोधून सापडणार नाही. रोप कोमेजलेले दिसते तेव्हा रोगाची सुरुवात नव्हे, तर अखेर झालेली असते. बुरशी आणि रोप यांच्यातील झुंजीचा निकाल त्यापूर्वी कितीतरी दिवस आधी, मुळाच्या सूक्ष्म पेशींमध्ये लागलेला असतो. त्या पहिल्या काही तासांत व दिवसांत मुळातील कोणती जनुके जागी होतात, किती वेगाने जागी होतात व कोणती झोपून राहतात, यावर रोपाचे जगणे-मरणे ठरते. या प्रक्रियेचा जो उलगडा गेल्या काही दशकांत झाला आहे, त्याची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रोगाचा कर्ता

हरभऱ्यावरील मर हा रोग ‘फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम’ या बुरशीच्या एका खास प्रकारामुळे होतो. हा प्रकार प्रामुख्याने हरभऱ्यावरच रोग निर्माण करतो. पुसा येथील ख्यातनाम कवकशास्त्रज्ञ ई. जे. बटलर यांनी १९१८ साली भारतातील या रोगाची नोंद केली होती. महाराष्ट्र हे देशातील हरभरा उत्पादनात अग्रेसर राज्यांपैकी एक असल्याने आपल्या दृष्टीने या रोगाचे महत्त्व सांगावयास नको.

ही बुरशी जमिनीत जाड भिंतीच्या विश्रामी बीजाणूंच्या रूपाने पडून राहते. शेतात हरभरा न घेताही ती सहा वर्षांपर्यंत तग धरून राहते, असे आढळून आले आहे. रोगट झाडापासून धरलेल्या बियाण्यातूनही तिचा प्रसार होतो. एम. पी. हवारे व वाय. एल. नेने या शास्त्रज्ञांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, लवकर मर लागलेल्या झाडांचे उत्पन्न ७७ ते ९४ टक्के घटते, तर उशिरा मर लागलेल्या झाडांचे २४ ते ६५ टक्के घटते. म्हणजेच रोग काही आठवडे लांबला तरी शेतकऱ्याच्या पदरात बरेच काही पडते. वेळेचे हे महत्त्व वाचकांनी ध्यानात ठेवावे; कारण पुढील सर्व विवेचनाचे सूत्र तेच आहे.

रोप मरत असले म्हणजे ते याच रोगाने, असे मात्र समजू नये. खोड उभे चिरून पाहिले असता आतील जलवाहिन्यांच्या जागी तपकिरी-काळसर रेघ दिसते व मूळ बाहेरून कुजलेले नसते, ही मर रोगाची खूण होय. मूळ कोरडे, ठिसूळ होऊन उपमुळे गळून गेली असतील तर ती कोरडी मूळकूज होय. आणि जमिनीलगतच्या भागावर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती मानकूज होय.

जनुक जागे होणे म्हणजे काय?

रोपाच्या मुळाच्या, पानाच्या व फुलाच्या पेशींत एकच जनुकसंच असतो. हरभऱ्याच्या जनुकसंचाचा आराखडा २०१३ साली आंतरराष्ट्रीय सहकार्याने प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २८ हजार जनुके असल्याचे दिसून आले. परंतु ही सर्व जनुके सर्व पेशींत सर्व काळ काम करीत नाहीत.

ही गोष्ट समजण्यासाठी गावच्या दप्तराचे उदाहरण घेऊ. तलाठ्याच्या दप्तरात प्रत्येक शेताची नोंद असते. मूळ दप्तर जागचे हलत नाही. ज्या नोंदीची गरज पडेल तिची तेवढी नक्कल काढून दिली जाते आणि त्या नकलेवर पुढील काम चालते. पेशीच्या केंद्रकातील डी.एन.ए. हे असे मूळ दप्तर होय. एखाद्या प्रथिनाची गरज भासली म्हणजे त्याच्या जनुकाची नक्कल आर.एन.ए.च्या रूपाने निघते आणि तीबरहुकूम प्रथिन तयार होते. ज्या जनुकाच्या नकला भराभर निघत आहेत ते जागे आणि ज्याच्या निघत नाहीत ते झोपलेले, असे आपण म्हणू शकतो.

एखाद्या दिवशी कोणत्या नोंदींच्या किती नकला निघाल्या हे मोजले, तर गावात कोणते व्यवहार चालू आहेत याचा अंदाज बांधता येतो. शास्त्रज्ञ नेमके हेच करतात. एकाच वाणाची काही रोपे निरोगी ठेवतात, काहींच्या मुळांना बुरशीची लागण करतात. ठरावीक अंतराने दोन्ही गटांतील मुळे काढून त्यांतील आर.एन.ए. वेगळे करतात आणि प्रत्येक जनुकाच्या नकला मोजून तुलना करतात. पूर्वी एकेका जनुकाची मोजणी करावी लागे; आता हजारो जनुकांची मोजणी एकाच प्रयोगात होऊ शकते. यामुळे रोगाच्या प्रारंभीचे, डोळ्यांना न दिसणारे नाट्य आपल्याला क्रमाक्रमाने वाचता येऊ लागले आहे.

चाहूल

अंकुरणाऱ्या हरभऱ्याच्या मुळांतून शर्करा, अमिनो आम्ले इत्यादी द्रव्ये मातीत पाझरत असतात. ती मिळताच जवळ पडून राहिलेला बीजाणू रुजतो. त्याचा तंतू मुळाला चिकटतो आणि विशेषतः टोकाजवळील कोवळ्या भागातून आत शिरू पाहतो. त्यासाठी तो पेशीभित्तिका विरघळविणारी विकरे सोडतो.

वनस्पतीला डोळे नाहीत, तसेच रक्तातून फिरणाऱ्या संरक्षक पेशीही नाहीत. प्रत्येक पेशीला स्वतःचे रक्षण स्वतःच करावे लागते. यासाठी पेशीच्या बाह्य पटलावर ‘ग्राही’ प्रथिने असतात. बुरशीची भित्तिका ‘कायटिन’ नावाच्या द्रव्याची बनलेली असते व वनस्पतीच्या शरीरात हे द्रव्य नसते. त्यामुळे कायटिनचा तुकडा ग्राहीला लागला की परका आल्याची वर्दी पेशीला मिळते. अशा ग्राहीचा शोध जपानी संशोधकांनी २००६ साली भाताच्या पेशींवर लावला. त्यानंतर इतर वनस्पतींतही तशीच व्यवस्था आढळली.

वर्दी मिळताच काही मिनिटांच्या आत पेशीत कॅल्शियमचे आयन वेगाने शिरतात. पाठोपाठ हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी तीव्र ऑक्सिजनयुक्त द्रव्ये तयार होतात. पेशीतील संदेशवाहक विकरे एकामागून एक कार्यान्वित होतात व वर्दी केंद्रकापर्यंत पोहोचते. तेथे काही नियामक प्रथिने डी.एन.ए.वर बसून नेमक्या जनुकांच्या नकला काढण्यास चालना देतात. ‘वर्की’ या नावाने ओळखला जाणारा नियामकांचा मोठा गट या कामात आघाडीवर असतो. अर्ध्या-एक तासात अनेक जनुकांची हालचाल बदलू लागते.

हरभऱ्याच्या बाबतीत येथे एक नाजूक पेच आहे. हे द्विदल पीक असल्याने त्याच्या मुळांना रायझोबियम गटातील जिवाणूंना आत घ्यावयाचे असते. त्यांच्यामुळेच मुळांवर गाठी येऊन हवेतील नत्र पिकास मिळते. हे जिवाणू जो ओळखसंदेश पाठवितात त्याची रचना कायटिनच्या तुकड्याशी मिळतीजुळती असते व तो वाचणारी ग्राही प्रथिनेही एकाच कुळातील असतात. मित्राला दार उघडावयाचे आणि शत्रूला अडवावयाचे, हा निवाडा मुळाला अशा बारीक फरकावरून करावा लागतो.

जागी होणारी जनुके आणि त्यांचे कार्य

लागणीनंतर जी जनुके जागी होतात त्यांचे ढोबळमानाने चार गट करता येतील.

पहिला गट तटबंदीचा. या जनुकांपासून तयार होणारी विकरे लिग्निन व तत्सम द्रव्ये निर्माण करून पेशीभित्तिका जाड व चिवट करतात. लाकडाला जो कणखरपणा असतो तो लिग्निनमुळेच होय. बुरशीचा तंतू पुढे सरकण्यापूर्वी ही तटबंदी उभी राहिली, तर त्याची वाट अडते.

दुसरा गट हल्ल्याचा. कायटिन तोडणारे ‘कायटिनेज’ आणि बुरशीच्या भित्तिकेतील दुसरा घटक तोडणारे ‘ग्लुकानेज’ ही या गटातील प्रमुख विकरे होत. ती बुरशीची भित्तिका कुरतडतात. तिच्यातून सुटलेले कायटिनचे तुकडे पुन्हा ग्राहींना लागतात आणि धोक्याची सूचना अधिकच तीव्र होते.

तिसरा गट विषारी द्रव्यांचा. हरभऱ्याची पेशी बुरशीला मारक अशी ‘मेडिकार्पिन’ व ‘मॅकियाइन’ ही द्रव्ये बनविते. त्यांच्या निर्मितीची साखळी अनेक विकरांची असते व त्या विकरांची जनुके लागणीनंतर एकत्रितपणे कार्यान्वित होतात.

चौथा गट समन्वयाचा. सॅलिसिलिक आम्ल, जॅस्मोनिक आम्ल व इथिलिन या संप्रेरकांच्या निर्मितीशी व संतुलनाशी तो संबंधित आहे. कोणत्या पेशीने काय करावे, शेजारच्या पेशींना केव्हा सावध करावे, हे या संप्रेरकांच्या परस्परसंबंधावर अवलंबून असते. तीव्र ऑक्सिजनयुक्त द्रव्ये बुरशीला मारक असली तरी ती प्रमाणाबाहेर वाढल्यास रोपाच्याच पेशी होरपळतात. म्हणून त्यांना आवर घालणारी जनुकेही त्याच वेळी जागी व्हावी लागतात.

याच काळात वाढीशी संबंधित काही जनुकांच्या नकला कमी होतात. घरात आग लागली असता माणूस रोजची कामे बाजूस ठेवतो, तसाच हा प्रकार होय.

दोन वाण, एकच बुरशी

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ही सारी शस्त्रे हरभऱ्याच्या प्रत्येक वाणाजवळ आहेत. मग एक वाण मरतो आणि दुसरा तगतो, असे का?

याचा शोध घेण्यासाठी मर रोगास सहज बळी पडणारा जेजी-६२ हा वाण संशोधनात सर्वत्र वापरला जातो. एका पेऱ्यावर दोन-दोन घाटे धरणारा हा वाण रोगट जमिनीत पेरणीपासून सुमारे २५ दिवसांतच माना टाकू लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी त्याच्या जोडीस राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा दिग्विजय हा प्रतिकारक वाण घेतला आणि दोन्हींच्या मुळांतील जनुकांची हालचाल लागणीनंतरच्या निरनिराळ्या टप्प्यांवर तपासली. कोलकात्याच्या बोस संस्थेतही जेजी-६२ आणि डब्ल्यूआर-३१५ या प्रतिकारक वाणावर अशाच स्वरूपाचे काम झाले आहे.

पुण्यातील अभ्यासाचा तपशील २०१७ साली प्रसिद्ध झाला. लिग्निनची निर्मिती, संप्रेरकांचे संतुलन, संरक्षणाचे संदेशवहन, तीव्र ऑक्सिजनयुक्त द्रव्यांचे नियमन आणि बुरशी ओळखणारी प्रतिकार-जनुके, अशा अनेक आघाड्यांवर दोन्ही वाणांत फरक आढळले. विशेष म्हणजे त्याच मुळांच्या नमुन्यांत बुरशीचीही जनुके सापडली. आक्रमणासाठी व तग धरण्यासाठी ती कोणती हत्यारे उपसते तेही दिसून आले.

या व अशा इतर संशोधनांतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. बुरशी प्रतिकारक वाणाच्या मुळाला शिवतच नाही, असे नाही. ती त्याच्याही मुळावर रुजते व काही प्रमाणात आतही शिरते. फरक असतो तो पुढच्या घटनांमध्ये. प्रतिकारक रोपात संरक्षक जनुके लवकर व ठळकपणे जागी होतात आणि बुरशी जलवाहिन्यांचा ताबा घेण्यापूर्वीच तिची कोंडी होते. बळी पडणाऱ्या रोपात बहुतेक तीच जनुके असतात. परंतु ती उशिरा, अपुऱ्या प्रमाणात वा भलत्या क्रमाने जागी होतात. तोवर बुरशी जलवाहिन्यांत पोहोचलेली असते. तेथे तिची वाढ, तिचे फ्युजेरिक आम्लासारखे विष आणि उशिरा जागे झालेल्या रोपाने स्वतःच वाहिन्यांत भरलेले डिंकासारखे बोळे यांमुळे पाण्याचा मार्ग बंद होतो. जमिनीत ओल असूनही रोप तहानेने मरते. वेळेवर केलेले संरक्षण जीवदान देते, तर उशिरा केलेले संरक्षण मृत्यूला हातभार लावते.

अनुवंशशास्त्रातील जुन्या निष्कर्षालाही यामुळे नवा अर्थ प्राप्त होतो. बुरशीच्या पहिल्या वंशाविरुद्ध हरभऱ्यात किमान तीन प्रतिकार-जनुके असल्याचे १९८० च्या दशकातील संकरांवरून दिसून आले होते. त्यांपैकी एकच जनुक असल्यास रोप मरते, पण उशिरा. कोणतीही दोन एकत्र आल्यास ते पूर्णपणे तगते. म्हणजे एकेक जनुक जणू थोडा थोडा अवधी मिळवून देते आणि पुरेसा अवधी मिळाला की रोप वाचते.

शत्रूही शिकतो

येथे कोणी विचारील की, एकदा प्रतिकारक वाण सापडल्यावर प्रश्न कायमचा का मिटत नाही? याचे कारण असे की, ही झुंज एकतर्फी नाही.

अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा येथे एच. एच. फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवस आणि त्यावरील तांबेरा यांचा अभ्यास करून एक मूलभूत तत्त्व मांडले. पिकातील प्रत्येक प्रतिकार-जनुकाला रोगकारकातील एक जनुक जोडीस असते. त्या जोडीची ओळख पटली तर रोग होत नाही. रोगकारकाने आपले जनुक बदलले तर ओळख पटत नाही व प्रतिकार कोसळतो.

मर रोगाच्या कुळात हे तत्त्व टोमॅटोवर स्पष्टपणे दिसून आले. टोमॅटोवरील फ्युजेरियम बुरशी जलवाहिन्यांच्या रसात काही लहान प्रथिने सोडते. रोपाचे संरक्षण निकामी करणे हे त्यांचे काम. ॲम्स्टरडॅम येथील शास्त्रज्ञांनी २००४ साली असे एक प्रथिन ओळखले. गंमत अशी की, प्रतिकारक टोमॅटो नेमके त्याच प्रथिनावरून शत्रूला ओळखतो. चोराची किल्लीच त्याला पकडून देते. परंतु बुरशीने ती किल्ली टाकून दिली वा तिचे दात बदलले, की नवा वंश तयार होतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर असे दिसून आले की, टोमॅटोला घातक ठरणाऱ्या बुरशीचे एक गुणसूत्र निरुपद्रवी बुरशीत गेल्यास तीही घातक बनते.

हरभऱ्यावरील बुरशीचे भारतातील चार वंश हवारे आणि नेने यांनी १९८२ साली वेगळे करून दाखविले. स्पेन, अमेरिका इत्यादी देशांत इतरही वंश आढळतात. एका भागात तगणारा वाण दुसऱ्या भागात बळी पडतो, याचे हेही एक कारण आहे. सबब, वाणाची शिफारस विभागवार का केली जाते आणि तिचा वेळोवेळी फेरविचार का करावा लागतो, हे वाचकांच्या सहज लक्षात येईल.

जनुके सदैव जागी का ठेवू नयेत?

संरक्षक जनुके वेळीच जागी होणे इतके महत्त्वाचे असेल, तर ती कायमचीच जागी ठेवणारा वाण का तयार करू नये, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. प्रयोगशाळेत ॲराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीत अशी रोपे आढळली आहेत. ती खुरटी राहतात. कारण संरक्षणाला अन्न व ऊर्जा खर्ची पडते. घाटे व दाणे भरण्यास ती उरत नाही. रात्रंदिवस पहारा देणाऱ्या शेतकऱ्याला मशागत करण्यास सवड मिळत नाही, तसेच हे आहे. म्हणून संशोधनाचे उद्दिष्ट संरक्षण सतत चालू ठेवणे हे नसून, गरज पडताच ते विनाविलंब सुरू व्हावे हे आहे.

प्रतिकार-जनुकांची ओळख पटल्यामुळे वाण-निर्मितीचे कामही सुकर झाले आहे. पूर्वी प्रत्येक पिढी रोगट शेतात वाढवून निवड करावी लागे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने यासाठी मुद्दाम मरग्रस्त क्षेत्रे तयार केली व ती पद्धत फार उपयुक्त ठरली. प्रत्यक्ष शेतातील ही कसोटी आजही टाळता येत नाही. परंतु आता रोपाच्या पानाच्या तुकड्यातील डी.एन.ए. तपासून, त्यात हवे ते जनुक आले आहे किंवा नाही, हे रोप लहान असतानाच कळू शकते. कर्नाटकातील अन्नेगिरी-१ या लोकप्रिय वाणात डब्ल्यूआर-३१५ चा प्रतिकार अशा रीतीने उतरवून ‘सुपर अन्नेगिरी-१’ हा वाण तयार करण्यात आला व २०१९ साली तो प्रसारित झाला. जुन्या वाणाचे गुण कायम ठेवून केवळ हवा तो प्रतिकार त्यात आणणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने बोध

प्रयोगशाळेतील या ज्ञानाचा शेतातील व्यवहाराशी संबंध काय? तो अगदी जवळचा आहे. निकाल मुळांत आणि प्रारंभीच लागत असल्याने, उपायही पेरणीपूर्वीचे व पेरणीच्या वेळचेच असावयास हवेत. पाने झुकल्यानंतर फवारलेले औषध जलवाहिन्यांत ठाण मांडलेल्या बुरशीला हुसकावून लावू शकत नाही. खर्च मात्र वाढतो.

पहिला व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आपल्या विभागासाठी शिफारस केलेल्या मर-प्रतिकारक वाणाची निवड. वेळेवर जागे होणारे संरक्षण अशा बियाण्यातच दडलेले असते. बियाणे निरोगी शेतातील असावे. मर लागलेल्या शेतातील हरभरा पुढील वर्षाच्या पेरणीसाठी राखून ठेवू नये.

दुसरा उपाय बीजप्रक्रियेचा. प्रति किलो बियाण्यास ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी असून ती दुहेरी काम करते. एक तर ती फ्युजेरियमच्या तंतूंवर स्वतः हल्ला करते. शिवाय तिच्या सान्निध्याने रोपाची संरक्षक यंत्रणा सावध राहते. प्रत्यक्ष हल्ला होताच जनुके अधिक त्वरेने जागी होतात. ज्या काही तासांवर निकाल अवलंबून असतो, नेमके तेच या उपायाने रोपाच्या पदरात पडतात. त्यानंतर रायझोबियम जिवाणू संवर्धक लावून बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. रासायनिक बुरशीनाशक वापरावयाचे असल्यास ते आधी लावावे; कोणते व किती, हे कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीवरून ठरवावे आणि जिवाणू संवर्धक त्यानंतरच लावावे.

तिसरा उपाय पेरणीच्या वेळेचा. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाची जमीन या बुरशीस मानवते. जमीन अतिशय उष्ण असताना घाईने केलेली पेरणी कोवळ्या मुळांना बुरशीच्या ऐन जोमाच्या काळात तिच्या तावडीत देते. दुसऱ्या बाजूस, फार उशीर केल्यास दाणे भरण्याच्या वेळी उष्णता वाढते व ओल अपुरी पडते. म्हणून आपल्या भागास शिफारस केलेल्या मुदतीतच पेरणी साधावी.

चौथा उपाय फेरपालटीचा. सहा वर्षे टिकणारे बीजाणू एका वर्षाच्या फेरपालटीने नाहीसे होणार नाहीत, हे खरे. परंतु त्याच शेतात दरवर्षी हरभरा घेतल्याने त्यांची संख्या वाढत जाते, हेही तितकेच खरे. रब्बी ज्वारी, गहू, करडई यांसारखी पिके मध्ये घेतल्यास ही वाढ खुंटते. रोगट रोपे दिसताच ती मुळासकट उपटून नष्ट करावीत, म्हणजे जमिनीत पडणाऱ्या बीजाणूंची भर तरी कमी होईल.

यांपैकी कोणताही एक उपाय स्वयंपूर्ण नाही. प्रतिकारक वाण एखाद्या नव्या वंशापुढे हतबल होऊ शकतो. ट्रायकोडर्मा जमिनीतील सर्व बीजाणू संपवू शकत नाही. फेरपालट ही दीर्घ काळाची तपश्चर्या आहे. परंतु हे सर्व उपाय एकाच दिशेने काम करतात. काही शत्रूची संख्या घटवितात, काही त्याची चाल मंद करतात, तर काही रोपाची जाग लवकर आणतात. रोपाला थोडा अधिक अवधी मिळवून देणे हेच या सर्वांचे सार होय.

जमिनीखाली चालणारी ही झुंज आपल्याला दिसत नाही. म्हणूनच आपण तिची दखल घेतो ती रोप मान टाकते तेव्हा, म्हणजे फार उशिरा. हरभऱ्याच्या मुळातील जनुकांना उशिरा जाग आल्यास जी किंमत मोजावी लागते, तीच उशिरा जागे होणाऱ्या शेतकऱ्यालाही मोजावी लागते. येत्या रब्बीत बियाण्याची गोणी उघडण्यापूर्वीच मर रोगाचा विचार शेतकरी बांधवांनी करावा. निकाल आपल्या बाजूने झुकविण्याची संधी त्याच वेळी हाती असते.